सॅक पाठीवर घेऊन व्हिएतनाम: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

परदेशप्रवासाविषयी आलेल्या पत्रांत कमी खर्चात व्हिएतनाम कसा फिरावा, हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटी (जुने सायगॉन) या दोन्ही शहरांना थेट विमाने जातात, व्हिसा घरबसल्या मिळतो आणि तिथले राहणे-खाणे आपल्या खिशाला झेपते, त्यामुळे पहिल्या परदेशवारीसाठी तरुण मंडळी या देशाकडे वळत आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. त्यांतील दर ढोबळ आहेत, ते निघण्यापूर्वी एकदा ताडून पाहावेत.

प्रश्न (कोल्हापूर): आम्ही तिघे मित्र नुकतेच नोकरीला लागलो आहोत. दहा दिवसांची रजा मिळेल. त्यात हनोई, सापा, हा लाँग, हुए, होई आन, सायगॉन आणि जमल्यास कंबोडियातील अंगकोर असा बेत आहे. माणशी किती खर्च येईल?

उत्तर: खर्चाचा आकडा सांगण्याआधी बेताविषयी बोलणे भाग आहे, कारण तुमचा खर्च बेतातूनच वाढणार आहे. हनोई ते सायगॉन हा लोहमार्ग 1,726 किलोमीटरचा आहे आणि तो सलग पार करायला गाडीला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. सापा त्याच्याही उत्तरेला, चीनच्या सीमेजवळच्या डोंगरांत आहे. दहा दिवसांत हे सगळे बसवायचे म्हटले की रेल्वे आणि बस सोडून विमाने धरावी लागतात, प्रत्येक ठिकाणी जेमतेम एक रात्र मिळते, खोली आणि सहल ऐन वेळी मिळेल त्या दराने घ्यावी लागते आणि निम्मे दिवस स्टँडवर व विमानतळावर जातात. ज्याच्या हाती पैसा कमी असतो त्याने ठिकाणे कमी करावीत, असे माझे ठाम मत आहे.

तुमच्या दहा दिवसांत उत्तरेचा एक तुकडा चांगला होईल: हनोईत तीन-चार दिवस, तिथून साधारण शंभर किलोमीटरवरच्या निन्ह बिन्हला रेल्वेने जाऊन दोन-तीन दिवस आणि मग कात बा बेटावर उरलेले दिवस. हा लाँगच्या उपसागरात मुक्कामी बोटीची सहल महाग पडते, परंतु तशीच चुनखडीची सुळकेदार बेटे कात बाला लागून असलेल्या लान हा उपसागरात एका दिवसाच्या बोटीतून पाहता येतात आणि मुक्काम बेटावरच्या साध्या खोलीत होतो. निन्ह बिन्हजवळचे त्रांग आन हे 2014 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे नावाडी वल्ही मारत डोंगरांच्या पोटातील गुहांमधून होडी नेतात. या एका होडीफेरीसाठी अर्धा दिवस मोकळा ठेवावा आणि ती सकाळी लवकर, सहलींच्या बसगाड्या येण्यापूर्वी करावी. उत्तर नको असेल, तर हुए, दा नांग आणि होई आन हा मध्य भाग घ्यावा आणि जाणे-येणे हनोईहून किंवा सायगॉनहून जोडावे. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतीचे विमान धरल्यास आल्या वाटेने मागे फिरण्याचा खर्च वाचतो, म्हणून तिकीट काढताना दोन्ही पर्यायांचे भाडे तपासावे.

आता आकडा. डॉर्ममधील (वसतिगृहातील अनेकांच्या सामाईक खोलीतील) खाट साधारण दीड ते अडीच लाख डोंगला (डोंग हे तिथले चलन), म्हणजे 500 ते 850 रुपयांना मिळते. रस्त्याकडेच्या खानावळीतील एक जेवण 40 ते 70 हजार डोंगला, म्हणजे 130 ते 230 रुपयांना पडते. खाट, तीन वेळचे खाणे, कॉफी, शहरातील फिरणे, दर दोन-तीन दिवसांनी एखादा बस वा रेल्वेचा टप्पा आणि अधूनमधून एखादे प्रवेशशुल्क धरून माणशी दिवसाला 2,000 ते 2,700 रुपये बाजूला ठेवावेत. विमानाचे भाडे, व्हिसा आणि विमा त्याच्या वर. तुम्ही तिघे असल्यामुळे काही ठिकाणी तीन खाटांची स्वतंत्र खोली डॉर्मच्याच भावात पडेल, तेही विचारावे. अंगकोर मात्र या वेळी सोडून द्यावे. तिथे जाऊन पुन्हा व्हिएतनाममध्ये यायचे असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही.

प्रश्न (पुणे): व्हिसासाठी शोध घेतला तर अनेक संकेतस्थळे दिसतात आणि प्रत्येकाचे शुल्क निराळे आहे. खरे कोणते?

उत्तर: 15 ऑगस्ट 2023 पासून व्हिएतनाम सर्व देशांच्या नागरिकांना 90 दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतो. सरकारी शुल्क एकदा प्रवेशासाठी 25 डॉलर आणि अनेकदा प्रवेशासाठी 50 डॉलर आहे. त्याहून जास्त रक्कम मागणारे संकेतस्थळ मध्यस्थाचे असते, मग त्यावर झेंडा आणि राजमुद्रा कितीही ठळक असोत. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट व्हीएन’ असा असतो, तेवढे पाहून घ्यावे. अर्ज नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही, म्हणून नाव पासपोर्टवर छापले आहे त्याच क्रमाने, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह, जसेच्या तसे भरावे. आपल्याकडील काही पासपोर्टांत आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि सगळे नाव एकाच ओळीत असते. त्यांनी अर्ज विशेष काळजीने भरावा आणि विमानाचे तिकीटही त्याच नावाने काढावे. मंजुरीला तीन कामकाजाचे दिवस लागतात असे म्हटले जाते, पण सणासुदीला उशीर होतो, त्यामुळे किमान दोन-तीन आठवडे हाताशी ठेवावेत. मिळालेल्या व्हिसाच्या दोन छापील प्रती बरोबर असाव्यात.

प्रश्न (नाशिक): मी शाळेत शिक्षिका आहे. मला दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी एवढेच पर्याय आहेत. कोणता बरा?

उत्तर: दोन्ही चालतील, पण प्रत्येक वेळी देशाचा वेगळा भाग पाहण्याजोगा असतो. हा देश दक्षिणोत्तर इतका लांबट आहे की सगळीकडे एकाच वेळी पाऊस किंवा एकाच वेळी कोरडी हवा नसते. दिवाळीच्या सुमारास हनोई आणि उत्तरेचा डोंगराळ भाग कोरडा आणि सुखद असतो. ‘हा जांग’ या उत्तर टोकाच्या डोंगराळ भागातील पठारावर तेव्हा गुलाबी कुट्टूची शेते फुललेली असतात. मात्र नेमक्या त्याच महिन्यांत हुए, दा नांग आणि होई आन या मध्य किनारपट्टीवर वादळांचा आणि पुराचा काळ असतो. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस हुए आणि होई आनमध्ये भीषण पूर आला होता. स्वस्तात खोली मिळाली या आनंदात दिवाळीचे होई आन ठरवू नये. मे महिन्यात हे उलटते: मध्य किनाऱ्यावर कोरडी हवा आणि शांत समुद्र मिळतो, उन्हाळा मात्र आपल्या कोकणासारखाच घामट असतो, तर दक्षिणेत पाऊस सुरू होऊ लागतो.

चांद्र नववर्षाचा तेत हा सण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतो. त्या आठवड्यात सगळा देश गावी जातो, रेल्वे आणि बसगाड्या आधीच भरतात, लहान खानावळी बंद राहतात. कमी पैशात फिरणाऱ्याने तो आठवडा टाळावा.

प्रश्न (सांगली): आम्ही घरी पूर्ण शाकाहारी आहोत, माझे पती कांदा-लसूणही खात नाहीत. व्हिएतनाममध्ये आमचे हाल होतील, असे सगळे सांगतात. खरे आहे का?

उत्तर: मुळीच हाल होणार नाहीत, पण थोडी माहिती आणि थोडा हट्ट लागेल. व्हिएतनाममध्ये महायान बौद्ध परंपरेचा शाकाहार जुना आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे ढोबळमानाने अमावास्या-पौर्णिमेला, तिथली अनेक कुटुंबे शाकाहार पाळतात. ‘चाय’ ही पाटी लावलेली खानावळ संपूर्ण शाकाहारी असते आणि ‘आन चाय’ असे सांगितले की तुम्ही शाकाहारी आहात हे बहुतेकांना कळते. उच्चारात घोटाळा होऊ शकतो, म्हणून हे शब्द व्हिएतनामी लिपीत मोबाइलवर लिहून ठेवावेत आणि दाखवावेत. कडक बौद्ध शाकाहारात कांदा, लसूण आणि त्यांच्यासारख्या उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य असतात, त्यामुळे पॅगोड्याजवळची खानावळ तुमच्या पतींना आपल्याकडच्या अनेक हॉटेलांपेक्षाही सोयीची वाटेल. अशा ठिकाणी मांसासारखे दिसणारे पदार्थ ताटात येतात. ते सोयाबीन, अळंबी किंवा गव्हाच्या प्रथिनांचे असतात. हुए शहर या प्रकारच्या जेवणासाठी विशेष प्रसिद्ध आहे.

खरी अडचण साध्या खानावळीत येते. तिथे भाजी मागितली की भाजीच येते, पण तिच्यात नुक माम हे माशांचे आंबवलेले पाणी किंवा कालवांचा सॉस पडलेला असतो, आणि नूडल्सच्या वाडग्यातील रस्सा हाडांचा असतो. वरचे मांस काढून दिले की पदार्थ शाकाहारी झाला, अशी विक्रेत्याची प्रामाणिक समजूत असते, तेव्हा त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. फो, बुन बो यांसारखे रश्शाचे पदार्थ ‘चाय’ खानावळीतच घ्यावेत. लसूण चालत असेल, तर राउ मुओंग, म्हणजे आपली नाळीची भाजी, लसणावर परतलेली सर्वत्र मिळते. ती फक्त मीठ घालून करायला सांगावे. त्याशिवाय टोफू, चिकट भाताचा सोइ, भाजलेली रताळी, मका, केळी, ड्रॅगनफळ आणि चालत असेल त्याला अंड्याचा पाव एवढ्यावर दिवस सहज निघतो. बरोबर मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, चिक्की, कोरडी चटणी आणि दशम्या न्याव्यात. बहुतेक खोल्यांत पाणी गरम करायची किटली असते, पण तिच्यात पाण्याखेरीज काही उकळू नये.

प्रश्न (ठाणे): रात्रीची रेल्वे घ्यावी की स्लीपर बस?

उत्तर: बस स्वस्त असते आणि रेल्वे पोहोचत नाही तिथेही जाते, पण लांबच्या टप्प्याला मी रेल्वे सुचवेन. हनोई ते दा नांग हे 791 किलोमीटरचे अंतर साधारण सोळा तासांचे आहे. संध्याकाळी बसले की एका मुक्कामाचे भाडे वाचते. सहा खाटांचा कठीण गादीचा डबा आणि चार खाटांचा मऊ गादीचा डबा, असे दोन शयनवर्ग असतात. सहा खाटांच्या डब्यात सर्वांत वरची खाट सर्वांत स्वस्त असते, पण छत इतके जवळ येते की नीट बसता येत नाही. हुए ते दा नांग हा हाय वान घाटाचा टप्पा मात्र दिवसाच करावा. दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताची खिडकी मिळाली, तर समुद्र अगदी रुळांखाली दिसतो. तिकिटावर पासपोर्ट क्रमांक लागतो. संकेतस्थळावर आपले कार्ड चालले नाही, तर स्थानकाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून तिकीट काढता येते.

स्लीपर बसमध्ये चढताना बूट काढून पिशवीत ठेवावे लागतात, आणि उंच माणसाला पाय लांब करता येत नाहीत. ती अनेकदा पहाटे चारच्या सुमारास उतरवते, म्हणून त्या वेळी दार उघडणारे वसतिगृह आधीच ठरवून ठेवावे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): हा जांगचा रस्ता मोटारसायकलने करायचा आहे. भारतातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून नेला की पुरे ना?

उत्तर: पुरे नाही, आणि हे उत्तर कृपया गांभीर्याने घ्यावे. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो. व्हिएतनाममध्ये 1968 च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवाना मान्य होतो. म्हणजे आरटीओने दिलेली तुमची पुस्तिका खरी असली तरी तिथे तिच्यावर मोटारसायकल चालवणे हे विनापरवाना चालवणेच ठरते. भाड्याने देणारा दुकानदार परवाना विचारणार नाही, रस्त्यावर शेकडो परदेशी चालवताना दिसतील, आणि त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटेल. पोलिसांनी अडवले तर दंड होतो. खरा धोका त्यापुढचा आहे: अपघात झाला आणि परवाना वैध नसला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, मग शस्त्रक्रिया, मुक्काम आणि घरी आणण्याचा खर्च कुटुंबावर येतो. चालक न घेता पाच-सहा हजार रुपये वाचवण्यासाठी आईवडिलांच्या आयुष्यभराच्या बचतीला हात घालण्याची वेळ कोणावर येऊ नये.

हा जांगला स्थानिक चालकाच्या मागे बसून तीन-चार दिवसांची फेरी करण्याची उत्तम सोय आहे. चालक, पेट्रोल, मुक्काम आणि जेवण त्यात धरलेले असते. दर जास्त वाटला तरी दोन्ही हात मोकळे राहतात आणि मा पी लेंग खिंडीत, जिथे खाली न्यो क्वे नदीची हिरवी रेघ दिसते, तिथे नजर रस्त्यावर खिळवून ठेवावी लागत नाही. हेल्मेट स्वतः घालून, पट्टा लावून पाहावे. सैल असल्यास बदलून मागावे. विमा काढताना दुचाकीवरील मागच्या प्रवाशाला संरक्षण आहे का, हे कलम वाचूनच पैसे भरावेत. 2025 च्या जुलैपासून हा जांग प्रांत तुयेन क्वांगमध्ये विलीन झाला आहे, त्यामुळे नकाशावर किंवा तिकिटावर निराळे नाव दिसले तरी गोंधळू नये.

इतर ठिकाणीही गाडी भाड्याने घेताना पासपोर्ट तारण म्हणून कोणाच्या हाती देऊ नये. हॉटेलवाल्याला तो नोंदणीसाठी लागतो, कारण परदेशी पाहुण्याची माहिती पोलिसांना कळवणे त्याला बंधनकारक आहे, पण नोंद झाली की तो परत मागून घ्यावा.

प्रश्न (अमरावती): माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे आणि एकटीने दोन आठवडे व्हिएतनामला जायचे म्हणते. वडील म्हणून मी काय पाहावे?

उत्तर: तुमची काळजी रास्त आहे आणि तिची इच्छाही रास्त आहे. एकट्याने फिरणाऱ्या मुली तिथे मोठ्या संख्येने दिसतात, आणि अंगावर येण्याचा किंवा पाठलागाचा त्रास तुलनेने कमी आहे. सायगॉनमध्ये मोटारसायकलवरून येऊन हातातील मोबाइल किंवा खांद्यावरची पर्स हिसकावण्याचे प्रकार मात्र होतात. रस्त्याच्या कडेला उभे राहून नकाशा पाहू नये, भिंतीच्या बाजूला सरकून पाहावा. वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना पहिली नजर डावीकडे टाकायची सवय तिने मुद्दाम लावून घ्यावी. गर्दीच्या रस्त्यात एका संथ गतीने चालत राहावे. मध्येच थांबल्यास किंवा पळाल्यास चालकांचा अंदाज चुकतो.

विमान शक्यतो दिवसा उतरणारे निवडावे आणि पहिल्या दोन रात्रींची खोली घरून निघण्यापूर्वीच ठरवावी. अनेक वसतिगृहांत फक्त मुलींची डॉर्म असते. रिक्षा-टॅक्सीसाठी ग्रॅबसारखे अ‍ॅप वापरल्यास भाडे आधी कळते आणि गाडीचा क्रमांक तुम्हाला पाठवता येतो. पोलिसांसाठी 113 आणि रुग्णवाहिकेसाठी 115 हे क्रमांक तिच्याकडे असावेत. भारताचा दूतावास हनोईत आणि वाणिज्य दूतावास हो ची मिन्ह सिटीत आहे, त्यांचे पत्ते कागदावर लिहून द्यावेत. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते, हे लक्षात घेऊन रोज एकदा बोलण्याची वेळ ठरवावी आणि त्या वेळेव्यतिरिक्त तिला मोकळे सोडावे.

प्रश्न (पणजी): पैसे कोणत्या स्वरूपात न्यावेत? इतक्या शून्यांचा हिशेब कसा ठेवावा?

उत्तर: थोडे कोऱ्या नोटांतील डॉलर आणि एक कार्ड पुरते. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार आपली नवी कार्डे मुळात फक्त देशातच चालतात, परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्यापूर्वी सुरू करावा लागतो. एटीएमवर ‘रुपयांत रूपांतर करू का’ असा पर्याय आला तर नाकारावा आणि डोंगमध्येच रक्कम कापू द्यावी, कारण त्या रूपांतराचा दर तोट्याचा असतो. दर वेळी शुल्क कापले जाते, म्हणून थोडे थोडे न काढता एकदाच मोठी रक्कम काढावी.

एका रुपयाला अंदाजे 300 डोंग येतात. शेवटची तीन शून्ये झाकून उरलेल्या आकड्याला सव्वातीनने गुणले की रुपये मिळतात: 50 हजार डोंग म्हणजे 160-165 रुपये. 20 हजार आणि 5 लाखांच्या दोन्ही नोटा निळसर आहेत, आणि एक सुमारे 65 रुपयांची, तर दुसरी सुमारे 1,650 रुपयांची आहे. संध्याकाळच्या अंधारात टॅक्सीचे भाडे देताना याच दोन नोटांची अदलाबदल होते. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.

प्रश्न (रत्नागिरी): आम्ही दोघे साठीच्या पुढचे आहोत. डॉर्ममध्ये राहणे जमणार नाही, पण खर्चही बेताचाच करायचा आहे. आणि तिकडे शंकराची प्राचीन देवळे आहेत, ती पाहण्याजोगी आहेत का?

उत्तर: डॉर्मची मुळीच गरज नाही. होई आन, हुए, निन्ह बिन्ह येथील घरगुती निवासांत स्नानगृहासह दोघांची स्वतंत्र खोली दीड-दोन हजार रुपयांत मिळू शकते. तळमजल्याची खोली मागावी, कारण अरुंद उंच इमारतींत लिफ्ट नसते. एकाच घरी चार-पाच रात्री राहिल्यास भाव कमी करून देतात, आणि मालकीणबाई शाकाहारी जेवणाची सोयही करतात.

देवळांचे ठिकाण म्हणजे ‘मी सन’. होई आनपासून ते सुमारे 40 किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान तिथे विटांची मंदिरे उभारली. पहिले मंदिर राजा भद्रवर्मन याने भद्रेश्वर या नावाने शिवाला अर्पण केले होते. 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बवर्षावात त्यांतील मोठा भाग उद्ध्वस्त झाला, आजही मंदिरांशेजारी ते खड्डे दिसतात. 1999 मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत आले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 2017 पासून तिथे जतनाचे काम केले आणि 2020 मध्ये त्या कामात एकाच वालुकाश्मात घडवलेले शिवलिंग सापडले. संस्कृत शिलालेख आणि नंदीच्या मूर्ती पाहताना मराठी माणसाला ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे वाटते, म्हणून मी ते आवर्जून सुचवतो. पहाटेची फेरी निवडावी. नऊनंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात, आणि विटांच्या ढिगाऱ्यांजवळ सावली फारशी नाही. प्रवेशद्वारापासून मंदिरांच्या बाजूला नेणारी विजेवरची गाडी तिकिटातच धरलेली असते. तिथून पुढे चालणे बहुतेक सपाटीवर आहे, तरी घट्ट बसणारे बूट आणि पाण्याची बाटली हवी. होई आनमधून इतर प्रवाशांबरोबर जाणारी लहान बस दोघांना परवडते. स्वतंत्र गाडी केल्यास चालकाला थांबण्याचा वेळ आणि परतीसह एकूण रक्कम निघण्याआधीच कागदावर लिहायला सांगावी.